हायब्रिड आणि मल्टी-क्लाउड व्यवस्थांतील नेटवर्क दृश्यमानता

नेटवर्क दृश्यमानता म्हणजे एखाद्या संस्थेच्या संगणकीय जाळ्यातून कोणती माहिती कोठून कोठे, केव्हा, किती प्रमाणात आणि कोणत्या मार्गाने जात आहे, हे त्या संस्थेला खात्रीने पाहता व तपासता येण्याची क्षमता होय. संस्थेची संगणनव्यवस्था काही अंशी तिच्या स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये आणि काही अंशी भाड्याने घेतलेल्या क्लाउडमध्ये असेल, तर तिला हायब्रिड क्लाउड म्हणतात. एकाच संस्थेने एकाहून अधिक पुरवठादारांच्या क्लाउड सेवा घेतल्या असतील, तर त्या व्यवस्थेला मल्टी-क्लाउड म्हणतात. अशा विखुरलेल्या व्यवस्थेत दृश्यमानता टिकवणे हे एकाच इमारतीतील जाळ्यावर लक्ष ठेवण्यापेक्षा पुष्कळ अवघड असते. कारण जाळ्याचा मोठा भाग ज्या यंत्रांवर चालतो, ती यंत्रे संस्थेच्या मालकीची नसतात.

दृश्यमानतेची खरी गरज दोन प्रसंगी जाणवते. सेवा मंदावली किंवा बंद पडली, तर दोष आपल्या यंत्रणेत आहे, मधल्या दुव्यात आहे की पुरवठादाराकडे आहे, हे ठरवावे लागते. घुसखोरी झाली, तर कोणाची कोणती माहिती बाहेर गेली, याचे उत्तर द्यावे लागते. पुरेशा नोंदी नसतील, तर या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मागाहून मिळवता येत नाही आणि बँकेच्या ग्राहकाला किंवा रुग्णालयातील रुग्णाला त्याची माहिती सुरक्षित राहिली की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही.

## संज्ञा आणि व्याप्ती

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजेच निस्टने, सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८००-१४५ क्रमांकाच्या प्रकाशनात क्लाउडचे खासगी, सामुदायिक, सार्वजनिक आणि हायब्रिड असे चार प्रकार सांगितले आहेत. दोन किंवा अधिक स्वतंत्र क्लाउड तंत्राने एकमेकांशी जोडलेले असतील, तर तो हायब्रिड क्लाउड, असे तेथे म्हटले आहे. मल्टी-क्लाउड ही संज्ञा त्या प्रकाशनात नाही. ती पुढे व्यवहारातून रूढ झाली. व्यवहारात हायब्रिड या शब्दाने बहुधा स्वतःचे डेटा सेंटर आणि सार्वजनिक क्लाउड यांची जोडणी अभिप्रेत असते. पुष्कळ मोठ्या संस्था एकाच वेळी हायब्रिडही असतात आणि मल्टी-क्लाउडही.

दृश्यमानतेच्या जवळच्या आणखी दोन संज्ञा वापरात आहेत. ठरावीक मोजमापांवर लक्ष ठेवणे आणि ती मर्यादेबाहेर गेल्यास इशारा देणे, याला निरीक्षण म्हणतात. व्यवस्थेच्या बाहेर दिसणाऱ्या खुणांवरून तिच्या आतील स्थितीचे अनुमान करता येणे, याला निरीक्षणक्षमता म्हणतात. ही दुसरी संज्ञा मूळची नियंत्रणशास्त्रातील असून ती रूडॉल्फ काल्मान यांनी १९६०च्या सुमारास मांडली. दृश्यमानता ही या दोहोंची पूर्वअट आहे, कारण जी माहिती गोळाच झाली नाही, तिच्यावर निरीक्षणही होत नाही आणि अनुमानही करता येत नाही.

जाळ्यातील वाहतुकीचे दिशेनुसार दोन भाग पाडण्याची पद्धत आहे. बाहेरील जगाशी होणाऱ्या ये-जा करणाऱ्या वाहतुकीला उत्तर-दक्षिण वाहतूक, तर संस्थेच्याच सर्व्हरांमध्ये आपसात होणाऱ्या वाहतुकीला पूर्व-पश्चिम वाहतूक म्हणतात. ही नावे आराखडे काढण्याच्या पद्धतीवरून पडली आहेत. पारंपरिक फायरवॉल वेशीवर बसवलेली असल्याने उत्तर-दक्षिण वाहतूक तिला दिसते. पूर्व-पश्चिम वाहतूक मात्र तिच्या नजरेआड राहते. एकदा आत शिरलेला घुसखोर एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर सरकतो तो याच दुसऱ्या वाटेने.

## पूर्वपीठिका

जाळ्यात काय चालले आहे हे पाहण्याची साधने इंटरनेटच्या वाढीबरोबरच तयार होत गेली. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी पिंग हा छोटा प्रोग्राम लिहिला. दूरचा संगणक उत्तर देतो की नाही आणि किती वेळात देतो, एवढेच तो सांगे. व्हॅन जेकबसन यांच्या ट्रेसराउटने पॅकेट कोणकोणत्या टप्प्यांवरून जाते हे दाखवले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या टीसीपीडंपमुळे प्रत्यक्ष पॅकेट वाचणे शक्य झाले. १९८८ मध्ये राउटर आणि स्विच यांच्याकडून मोजमापे मागवण्यासाठी एसएनएमपी हा प्रोटोकॉल मांडण्यात आला. १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी इथिरियल हे पॅकेट वाचण्याचे चित्रमय साधन प्रसिद्ध केले. २००६ पासून ते वायरशार्क या नावाने ओळखले जाते.

वाहतूक वाढल्यावर प्रत्येक पॅकेट साठवणे अशक्य होऊ लागले. १९९६च्या सुमारास सिस्को कंपनीने नेटफ्लो ही पद्धत आणली. तिच्यात पॅकेटमधील मजकूर न साठवता केवळ संवादाचा सारांश नोंदवला जातो. याच पद्धतीच्या नवव्या आवृत्तीवरून आयपीफिक्स हे खुले मानक तयार झाले. त्याचे २०१३ मधील रूप आरएफसी ७०११ या दस्तऐवजात आहे.

ही सर्व साधने एका गृहीतावर उभी होती: जाळ्याची तार, स्विच आणि राउटर संस्थेच्या ताब्यात आहेत. स्विचवरील एका पोर्टची वाहतूक दुसऱ्या पोर्टवर उतरवून घेता येत असे किंवा तारेवर टॅप नावाचे उपकरण बसवता येत असे. २००६ मध्ये ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने, म्हणजेच एडब्ल्यूएसने, एस३ ही साठवणसेवा आणि ईसी२ ही संगणनसेवा सुरू केली, तेव्हापासून हे गृहीत ढासळू लागले. ग्राहकाला आभासी यंत्र मिळाले, पण त्याखालच्या स्विचपर्यंत त्याचा हात पोहोचत नव्हता. ग्राहकांना आपल्या आभासी जाळ्यातील प्रवाहांच्या नोंदी मिळण्याची सोय एडब्ल्यूएसने जून २०१५ मध्ये आणि पॅकेटची प्रत घेण्याची सोय जून २०१९ मध्ये उपलब्ध करून दिली.

## माहितीचे स्रोत

दृश्यमानता कोणत्याही एका साधनाने मिळत नाही. पुढील प्रकारची माहिती एकत्र करून ती साधली जाते.

पॅकेट. पॅकेटची संपूर्ण प्रत हा सर्वांत तपशीलवार पुरावा असतो. मात्र त्याचा आकार अवाढव्य होतो. सेकंदाला १ गिगाबिट वेगाने पूर्ण भरून वाहणाऱ्या एका दुव्यावरील सर्व पॅकेट साठवायची झाल्यास दर सेकंदाला १२५ मेगाबाइट, म्हणजे दिवसाला सुमारे १०.८ टेराबाइट जागा लागते. त्यामुळे पॅकेटची नोंद निवडक ठिकाणी आणि थोड्या काळापुरतीच ठेवली जाते.

प्रवाह-नोंदी. प्रेषकाचा आयपी पत्ता, प्राप्तकर्त्याचा आयपी पत्ता, दोन्ही बाजूंचे पोर्ट क्रमांक आणि प्रोटोकॉल या पाच बाबी समान असलेल्या पॅकेटांचा समूह म्हणजे एक प्रवाह. प्रवाह-नोंदीत या पाच बाबींबरोबर पॅकेटांची व बाइटांची संख्या आणि सुरुवात व शेवट यांच्या वेळा असतात. पत्राच्या उपमेने सांगायचे, तर लिफाफ्यावरचे पत्ते, वजन आणि टपालाचा शिक्का एवढे प्रवाह-नोंदीत दिसते. आतील मजकूर दिसत नाही.

मोजमापे. दुव्यावरील भार, गळालेली पॅकेटे, विलंब आणि चुकांची संख्या ही आकडेवारी सातत्याने घेतली जाते. तिच्यामुळे बिघाडाची वेळ कळते, कारण बहुधा कळत नाही.

डीएनएस नोंदी. कोणत्या यंत्राने कोणत्या नावाचा पत्ता विचारला, हे या नोंदींतून समजते. वाहतूक कूटबद्ध असली तरी यंत्र कोणाशी बोलू पाहत होते, याचा माग येथे लागू शकतो.

व्यवस्थापन-नोंदी. क्लाउडमध्ये जाळे तारांनी नव्हे, तर आज्ञांनी उभारले जाते. एका आज्ञेने एखादा सर्व्हर साऱ्या जगासाठी खुला होऊ शकतो. अशी आज्ञा कोणी, केव्हा आणि कोणत्या ओळखपत्राने दिली, हे व्यवस्थापन-नोंदींत असते. एडब्ल्यूएसमधील क्लाउडट्रेल, अझूरमधील ॲक्टिव्हिटी लॉग आणि गूगल क्लाउडमधील ऑडिट लॉग ही त्याची उदाहरणे होत.

कृत्रिम चाचण्या. वेगवेगळ्या ठिकाणांहून ठरावीक काळाने सेवेला मुद्दाम विनंती पाठवून प्रतिसाद मोजला जातो. खरा ग्राहक तक्रार करण्यापूर्वीच बिघाड लक्षात येणे, हा या चाचण्यांचा हेतू असतो.

## प्रमुख क्लाउडमधील सोयी आणि त्यांतील फरक

तिन्ही मोठे पुरवठादार प्रवाह-नोंदी देतात, परंतु त्या एकसारख्या नसतात. एडब्ल्यूएसमध्ये नोंदींचे एकत्रीकरण मुळात १० मिनिटांचे असून ते १ मिनिटापर्यंत खाली आणता येते. अझूरमध्ये नोंदी १ मिनिटाच्या अंतराने घेतल्या जातात. गूगल क्लाउडमध्ये ५ सेकंदांपासून १५ मिनिटांपर्यंतचे अंतर निवडता येते. मात्र तेथे सर्व पॅकेटांऐवजी त्यांचा नमुना घेतला जातो, त्यामुळे अगदी लहान प्रवाह नोंदीत न येण्याची शक्यता असते. एकाच घटनेचे तीन क्लाउडमधील चित्र यामुळे तीन वेगळ्या बारकाव्यांचे मिळते.

या नोंदींत काय येत नाही, हे जाणणेही तितकेच आवश्यक आहे. एडब्ल्यूएसच्या प्रवाह-नोंदींत ॲमेझॉनच्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारी वाहतूक, डीएचसीपीची वाहतूक आणि १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरील मेटाडेटा सेवेशी होणारा संवाद नोंदवला जात नाही. ही मेटाडेटा सेवा आभासी यंत्राला तात्पुरती ओळखपत्रे पुरवते; म्हणून तिच्याशी होणारा गैरसंवाद केवळ प्रवाह-नोंदी पाहणाऱ्याला दिसत नाही. शिवाय पुरवठादाराच्या अंतर्गत क्षमतेच्या अडचणीमुळे काही नोंदी घेता आल्या नाहीत, तर नोंदीच्या स्थितीच्या रकान्यात तसा शेरा येतो. तो शेरा न वाचणारा अभ्यासक नोंद नाही म्हणजे वाहतूकही नव्हती, असा चुकीचा निष्कर्ष काढू शकतो.

व्यवस्थापन-नोंदी किती काळ टिकतात, यातही मोठा फरक आहे. काहीही वेगळी तरतूद केली नाही, तर क्लाउडट्रेलचा घटना-इतिहास ९० दिवस आणि अझूरचा ॲक्टिव्हिटी लॉगही ९० दिवस उपलब्ध असतो. गूगल क्लाउडमधील प्रशासकीय कृतींच्या नोंदी ४०० दिवस राहतात. त्यापुढील काळासाठी नोंदी स्वतंत्र साठ्यात उतरवून घेण्याची जबाबदारी ग्राहकाची असते.

या सोयी बदलतही असतात. अझूरमधील नेटवर्क सिक्युरिटी ग्रुपवर आधारित जुन्या प्रवाह-नोंदी ३० सप्टेंबर २०२७ रोजी बंद होणार असून त्यांची जागा आभासी जाळ्याच्या पातळीवरील नोंदी घेत आहेत. नोंदींचा प्रकार बदलला की त्यांवर आधारलेले इशारे आणि तक्तेही नव्याने बसवावे लागतात.

## दृश्यमानता हरपण्याची कारणे

मालकीची विभागणी. क्लाउडमध्ये सुरक्षेची जबाबदारी पुरवठादार आणि ग्राहक यांच्यात वाटलेली असते. पुरवठादाराच्या स्विचवर एसएनएमपीने विचारणा करता येत नाही. दोन आभासी यंत्रांच्या मधली वाट ग्राहकाला अपारदर्शक असते. शेजारच्या यंत्राची वाहतूक ऐकण्याची जुनी युक्तीही तेथे चालत नाही.

पत्त्यांची पुनरावृत्ती. खासगी जाळ्यांसाठी आरएफसी १९१८ या १९९६च्या दस्तऐवजाने १०.०.०.०, १७२.१६.०.० आणि १९२.१६८.०.० यांपासून सुरू होणारे तीन पट्टे राखून ठेवले आहेत. डेटा सेंटर आणि दोन क्लाउड यांची आखणी वेगवेगळ्या चमूंनी केली असेल, तर १०.०.१.५ हा एकच पत्ता तीन ठिकाणी तीन वेगळ्या यंत्रांना दिलेला असू शकतो. त्यात पत्तांतर झाले, म्हणजे वाटेत एका पत्त्याच्या जागी दुसरा पत्ता लावला गेला, की मूळ प्रेषक ओळखणे कठीण होते. एडब्ल्यूएसच्या प्रवाह-नोंदींच्या तिसऱ्या आवृत्तीत पॅकेटवरील मूळ पत्ते दाखवणारे स्वतंत्र रकाने याच अडचणीसाठी आहेत.

अल्पायुषी यंत्रे. कुबरनेटिससारख्या व्यवस्थेत कंटेनर काही मिनिटांपुरते जन्माला येतात आणि नाहीसे होतात. त्यांचे आयपी पत्ते पुन्हा इतरांना दिले जातात. महिनाभराने नोंद तपासताना त्या क्षणी तो पत्ता कोणाकडे होता, हे वेगळे नोंदवलेले नसेल, तर नुसता पत्ता निरुपयोगी ठरतो.

कूटबद्धीकरण. ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ म्हणून आलेल्या टीएलएस १.३ने सर्व्हरची खासगी किल्ली हाती असूनही पूर्वी साठवलेली वाहतूक उलगडण्याची जुनी पद्धत मोडीत काढली. सर्व्हरचे प्रमाणपत्रही आता कूटबद्ध स्वरूपात जाते. मे २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विक या प्रोटोकॉलमध्ये जोडणीचे तपशीलही बऱ्याच अंशी झाकलेले असतात. सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने हे संरक्षण हितकारक आहे. जाळ्याच्या रखवालदाराला मात्र मजकुराऐवजी वागणुकीवरून निष्कर्ष काढावे लागतात.

घड्याळांतील तफावत. क्लाउडमधील नोंदी बहुधा जागतिक समन्वित वेळेत असतात, तर कार्यालयातील जुन्या उपकरणांवर भारतीय प्रमाणवेळ लावलेली असते. या दोन वेळांत साडेपाच तासांचा फरक आहे. पहाटे २ वाजून १५ मिनिटांनी कार्यालयातील फायरवॉलवर उमटलेली घटना क्लाउडच्या नोंदीत आदल्या दिवशीच्या २० वाजून ४५ मिनिटांवर सापडते. फरक पूर्ण तासांचा नसल्याने आणि तारीखही बदलत असल्याने ताळमेळ लावताना चुका होतात. घड्याळच काही मिनिटे मागे-पुढे असेल, तर घटनांचा क्रमच उलटा दिसतो.

खर्च. नोंदी घेणे, साठवणे, शोधणे आणि एका क्लाउडमधून दुसरीकडे नेणे, या प्रत्येकाचे शुल्क बहुधा आकारमानानुसार आकारले जाते. खर्च कमी करताना पुष्कळदा आधी नोंदींवरच कात्री चालते.

## लक्षणीय घटना

इक्विफॅक्स, २०१७. अमेरिकेतील या पतमापन संस्थेतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. कूटबद्ध वाहतूक उलगडून तपासणारे उपकरण संस्थेकडे होते, परंतु त्यावरील डिजिटल प्रमाणपत्राची मुदत बरेच महिने आधी संपलेली होती. उपकरण चालू असूनही त्याला ती वाहतूक दिसत नव्हती. २९ जुलै २०१७ रोजी नवे प्रमाणपत्र बसवताच संशयास्पद वाहतूक लक्षात आली. तोपर्यंत घुसखोर ७६ दिवस आत वावरले होते. ही घटना क्लाउडशी निगडित नसली, तरी बंद पडलेल्या दृष्टीची जाणीवच न होणे किती महाग पडते, याचे ती ठळक उदाहरण मानली जाते.

कॅपिटल वन, २०१९. या अमेरिकी बँकेच्या क्लाउडमधील फायरवॉलच्या सदोष मांडणीचा फायदा घेऊन सुमारे १०.६ कोटी व्यक्तींची माहिती मिळवण्यात आली. त्यासाठी मेटाडेटा सेवेकडून ओळखपत्रे काढून घेण्यात आली होती. घुसखोरी मार्च महिन्यात झाली. बँकेला ती जुलैमध्ये, बाहेरच्या एका व्यक्तीने ईमेलने कळवल्यावर समजली. तपासात बँकेच्या नोंदींमध्ये या कृतींच्या खुणा सापडल्या. माहिती गोळा होणे आणि ती वेळेवर कोणाच्या तरी नजरेस पडणे यांत किती अंतर असू शकते, हे या घटनेने दाखवले. ऑगस्ट २०२० मध्ये बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला.

फेसबुक, ४ ऑक्टोबर २०२१. मुख्य जाळ्याच्या देखभालीदरम्यान दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीची डेटा सेंटरे एकमेकांपासून तुटली आणि तिचे डीएनएस सर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे ६ तास बंद राहिले. दोष शोधण्याची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने तीही निकामी झाली आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले.

एडब्ल्यूएस, ७ डिसेंबर २०२१. उत्तर व्हर्जिनिया विभागातील अंतर्गत जाळ्यात कोंडी झाल्यामुळे अनेक सेवा विस्कळीत झाल्या. त्या कोंडीमुळे कंपनीच्या स्वतःच्या चमूंना मिळणारी तात्काळ निरीक्षण-माहितीही अडली आणि मूळ कारण शोधण्यास उशीर झाला.

शेवटच्या दोन घटनांतून एकच तत्त्व पुढे येते: ज्या जाळ्यावर नजर ठेवायची, त्यावरच निरीक्षणयंत्रणा सर्वस्वी विसंबलेली असू नये.

## दृश्यमानता राखण्याच्या पद्धती

यादी. पहिले काम साधनांच्या खरेदीचे नसून यादीचे असते. संस्थेची किती क्लाउड खाती आहेत, प्रत्येकात कोणती आभासी जाळी आहेत, ती डेटा सेंटरशी व एकमेकांशी व्हीपीएनने की डायरेक्ट कनेक्ट, एक्सप्रेसरूट अशा समर्पित दुव्यांनी जोडलेली आहेत, याची अद्ययावत नोंद लागते. प्रयोगापुरते उघडलेले आणि नंतर विसरलेले खाते या यादीत नसेल, तर त्याच्या नोंदीही कोणी घेत नाही.

पत्त्यांचे नियोजन. सर्व ठिकाणांसाठी परस्परांवर न चढणारे आयपी पट्टे एका मध्यवर्ती नोंदवहीतून वाटले जातात. प्रत्येक साधनाला मालक, उपयोग आणि पर्यावरण सांगणारी खूणचिठ्ठी लावली जाते. नोंदीतील आकड्यांचे रूपांतर अर्थपूर्ण माहितीत होते ते या खूणचिठ्ठ्यांमुळे.

चिंचोळ्या वाटा. जकात नाक्यावरून जशी सर्व मालवाहतूक जावी लागे, तशी वेगवेगळ्या आभासी जाळ्यांमधील वाहतूक एका मध्यवर्ती केंद्रातून नेण्याची रचना केली जाते. तेथे तपासणी सोपी होते. मात्र नाक्यावर रांग लागते तशी येथेही कोंडी व विलंब होऊ शकतो, म्हणून सर्वच वाहतूक अशा वाटेने नेली जात नाही.

पॅकेटांची प्रत. एडब्ल्यूएस व गूगल क्लाउड यांमध्ये निवडक यंत्रांच्या पॅकेटांची प्रत तपासणी-यंत्राकडे वळवता येते. एडब्ल्यूएसमध्ये ही प्रत आरएफसी ७३४८ मधील व्हीएक्सलॅन या वेष्टनात गुंडाळून पाठवली जाते. ही सोय कायम सर्वत्र चालू न ठेवता महत्त्वाच्या सर्व्हरांसाठी किंवा तपासाच्या काळात वापरण्याकडे कल असतो.

यंत्राच्या आतून निरीक्षण. जाळ्याची तार हाती नसेल, तर तिच्या टोकाच्या यंत्रातून पाहणे हा पर्याय उरतो. लिनक्सच्या गाभ्यात २०१४ पासून विकसित होत गेलेल्या ईबीपीएफ या तंत्राने गाभ्यात बदल न करता छोटे, आधी तपासलेले प्रोग्राम चालवता येतात. कोणत्या प्रक्रियेने कोणती जोडणी उघडली, हे त्यामुळे कळते. कंटेनरांच्या जाळ्यासाठी सिलियम आणि त्यावर आधारित हबल ही खुली साधने याच तंत्रावर उभी आहेत.

समान मांडणी. वेगवेगळ्या क्लाउडमधील नोंदी एका साच्यात आणल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही. २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस या दोन प्रकल्पांच्या एकत्रीकरणातून ओपनटेलिमेट्री हा खुला प्रकल्प सुरू झाला. सुरक्षाविषयक नोंदींसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये ओसीएसएफ हा सामायिक साचा जाहीर झाला. सर्व नोंदी जागतिक समन्वित वेळेत साठवून केवळ दाखवताना स्थानिक वेळेत बदलणे, ही सर्वमान्य पद्धत आहे.

नोंदींचे रक्षण. क्लाउडमध्ये शिरलेला घुसखोर अनेकदा आधी नोंदीच बंद करतो. मायटर संस्थेच्या अटॅक या संग्रहात क्लाउडमधील नोंदी बंद करणे किंवा बदलणे, ही एक स्वतंत्र हल्लापद्धत म्हणून वर्णिलेली आहे. त्यामुळे नोंदी वेगळ्या खात्यात, पुसता न येतील अशा साठ्यात ठेवतात. तसेच नोंदींचा ओघ अचानक थांबला, तर त्याचाच इशारा मिळेल अशी व्यवस्था केली जाते.

शून्य विश्वास. ऑगस्ट २०२० मधील निस्टच्या ८००-२०७ क्रमांकाच्या प्रकाशनात मांडलेल्या या विचारसरणीनुसार जाळ्यातील स्थानावरून कोणावरही विश्वास टाकला जात नाही आणि प्रत्येक विनंती तपासली जाते. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजेच सिसाच्या, परिपक्वता प्रतिमानात दृश्यमानता व विश्लेषण ही सर्व स्तंभांना छेदून जाणारी क्षमता मानली आहे.

## भारतातील स्थिती आणि नियम

सार्वजनिक क्लाउडच्या भारतातील विस्तारात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये अझूरचे तीन भारतीय विभाग सुरू केले, त्यांपैकी मध्य भारत विभाग पुण्यात आणि पश्चिम भारत विभाग मुंबईत आहे. तिसरा चेन्नईत आहे. एडब्ल्यूएसचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये आणि गूगल क्लाउडचा मुंबई विभाग २०१७ मध्ये सुरू झाला. तिन्ही मोठे पुरवठादार मुंबईत उपलब्ध असल्याने तेथील बँका आणि वित्तसंस्थांना मल्टी-क्लाउड व्यवस्था जवळच्या अंतरावर उभारता येते. महाराष्ट्र शासनानेही २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडच्या वापराविषयी धोरण स्वीकारले.

भारताच्या संगणकीय आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजेच सर्ट-इनने, माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मधील कलम ७०ब अन्वये २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश जारी केले. सेवापुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या आणि शासकीय संस्था यांना ते लागू आहेत. त्यांतील तीन तरतुदींचा दृश्यमानतेशी थेट संबंध आहे. ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते. सर्व माहिती-तंत्रज्ञान प्रणालींच्या नोंदी मागील १८० दिवसांसाठी राखाव्या लागतात. घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवावी लागतात. अनेक देशांत पसरलेल्या व्यवस्थांना अन्य अचूक स्रोत वापरता येतो, मात्र त्याची वेळ वरील दोन संस्थांच्या वेळेपासून ढळता कामा नये. नोंदी भारतीय अधिकारक्षेत्रात ठेवण्याची अट निर्देशांत आहे. मागितल्यावर योग्य वेळेत सादर करता येत असतील, तर त्या देशाबाहेरही ठेवता येतील, असा खुलासा नंतरच्या प्रश्नोत्तरांत करण्यात आला.

या तरतुदींचा व्यवहारातील अर्थ असा की, पुरवठादाराच्या मूळ मांडणीवर विसंबून चालत नाही. ९० दिवसांनंतर नाहीसा होणारा घटना-इतिहास १८० दिवसांची अट पूर्ण करत नाही. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या बाह्यस्रोतीकरणाविषयी आणि सेबीने ६ मार्च २०२३ रोजी क्लाउड सेवांच्या वापराविषयी स्वतंत्र नियमावली जारी केली आहे. सेवा बाहेरून घेतली, तरी अंतिम जबाबदारी नियमित संस्थेचीच राहते, ही भूमिका दोहोंत आहे.

## मर्यादा आणि आक्षेप

सर्व काही पाहण्याचा आग्रह निर्दोष नाही. कर्मचाऱ्यांच्या कूटबद्ध वाहतुकीची उलगड केल्यास त्यांचे बँक व्यवहार किंवा आरोग्यविषयक खासगी माहितीही उघडी पडू शकते. म्हणून अशा संकेतस्थळांना तपासणीतून वगळण्याचा प्रघात आहे. प्रवाह-नोंदींतही व्यक्तीच्या सवयी कळण्याइतकी माहिती असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ नंतर भारतातही अशा नोंदींचा उद्देश आणि कालावधी ठरवणे महत्त्वाचे झाले आहे.

दृश्यमानतेची साधने हीच धोक्याची वाट ठरू शकतात. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात ओरायन या जाळे-निरीक्षणाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अद्यतनातच घातक भाग घुसवण्यात आला होता. सुमारे १८,००० ग्राहकांकडे ते अद्यतन पोहोचले. निरीक्षणयंत्रणेला जाळ्याच्या सर्व कोपऱ्यांत प्रवेश दिलेला असल्याने तिच्यावरील ताबा हा घुसखोरासाठी सर्वांत मोलाचा ठरतो. त्यामुळे या साधनांना केवळ वाचण्यापुरते अधिकार द्यावेत, असे सुचवले जाते.

इशाऱ्यांचा अतिरेक ही आणखी एक अडचण आहे. दिवसाला शेकडो निरर्थक इशारे येत राहिले, की पाहणारा माणूस त्यांना सरावतो आणि खरा इशाराही त्यांत हरवतो. प्रत्येक इशाऱ्याला जबाबदार व्यक्ती आणि ठरलेली कृती असावी, अन्यथा तो काढून टाकावा, असा संकेत त्यामुळे रूढ झाला आहे. यंत्रणा खरोखर पाहते आहे की नाही, हे ठरावीक काळाने निरुपद्रवी बनावट घुसखोरी करून तपासले जाते. अशा तपासणीत न दिसलेली वाट ही पुढील सुधारणेची पहिली बाब मानली जाते.

## हे सुद्धा पहा

- क्लाउड संगणन
- संगणकीय जाळे
- फायरवॉल
- डीएनएस
- आयपी पत्ता
- कूटबद्धीकरण
- माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००